‘बिजली’ का विझली?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, कोणत्याही स्टेशनाबाहेर पडा, समोर रिक्षांची रांग उभी असते. मुंबई शहरात, म्हणजे माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेला, रिक्षाला परवानगी नाही. तेथे टॅक्सी चालते. रिक्षा हे खास उपनगरांचे वाहन आहे. स्टेशन ते वसाहत आणि वसाहत ते स्टेशन अशा तिच्या फेऱ्या दिवसभर चालू असतात. अशी तीनचाकी गाडी विजेवर चालली तर किती बरे होईल! धूर नाही, फटफट नाही आणि इंधनासाठी रांगही नाही.

ही कल्पना आजची नाही. हिरव्या नंबरपट्टीची विजेची वाहने रस्त्यावर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, १९९९ साली, असे एक वाहन आपल्याकडे तयार झाले होते. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर ज्या कंपनीचा कारखाना अनेक दशके उभा आहे, त्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने ते काढले. त्याचे नाव ‘बिजली’. कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या नगरकर यांनी निवृत्त होण्यापूर्वी ही तीनचाकी घडवली. कंपनीचे हे पहिले विद्युत वाहन. परंतु काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. २०२२ साली जागतिक विद्युत वाहन दिनाच्या निमित्ताने आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर आठवण काढली, तेव्हा ती काळाच्या पुढे होती असे त्यांनी म्हटले.

‘काळाच्या पुढे’ हे शब्द आपण सहज वापरतो. पण विज्ञानाचा विद्यार्थी विचारील, किती पुढे? आणि कोणत्या मापाने? या लेखात आपण तेच मोजून पाहणार आहोत.

तार की टाकी?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. उपनगरांतल्या माणसाला विजेचे वाहन मुळीच नवे नाही. भारतातली पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली. शहरात तर १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेची ट्राम होती, आणि १९६२ ते १९७१ या काळात गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर बेस्टची ट्रॉलीबसही धावत होती.

मग लोकल गाडी शंभर वर्षे चालते आणि ‘बिजली’ काही वर्षांत बंद पडते, हे कसे? फरक मोटरमध्ये नाही. फरक आहे तो ऊर्जा कोण वाहून नेतो यात. लोकल गाडी आपल्याबरोबर इंधनाचा एक कणही नेत नाही. डोक्यावरच्या तारेतून तिला लागेल तेवढी वीज लागेल त्या क्षणी मिळते. ट्राम आणि ट्रॉलीबस यांचेही तसेच. मात्र तारेची सोय घेतली की तारेचे बंधनही आले. जेथे तार नाही तेथे गाडी नाही.

रिक्षाचे काम नेमके उलटे आहे. जेथे रूळ आणि बस संपतात, तेथे रिक्षा सुरू होते. तिला गल्लीबोळात शिरायचे असते. म्हणून तिला आपली वीज पाठीवर बांधूनच निघावे लागते. ही वीज साठवायची कशात? संचायक घटात, म्हणजेच बॅटरीत.

शिशाचे ओझे

१९९९ साली आपल्याकडे तीनचाकी वाहनाला परवडेल असा घट एकच होता, शिसे-आम्ल घट. फ्रान्समधील गास्तों प्लाँते याने तो १८५९ साली शोधून काढला. म्हणजे ‘बिजली’ आली तेव्हा तो १४० वर्षांचा झाला होता!

त्याची रचना सोपी आहे. ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असते, धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड असतो, आणि दोन्ही पट्ट्या विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. वीज घेऊ लागले की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल अधिकाधिक विरल होत जाते. बाहेरून उलट दिशेने वीज दिली की ही क्रिया उलट होते व घट पुन्हा भरतो. एका घटातून सुमारे २ व्होल्ट मिळतात. असे सहा घट एकापुढे एक जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते.

हा घट स्वस्त आहे, दणकट आहे, पण जड आहे. एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत साधारण ३५ वॉट-तास ऊर्जा मावते. १०० वॉटचा दिवा १० तास जळला की १,००० वॉट-तास खर्च होतात. विजेच्या बिलात यालाच एक युनिट म्हणतात. आता पेट्रोल पाहा. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते!

थोडे गणित

चला, उपनगरातल्या एका रिक्षाचा हिशेब मांडू. हे आकडे कोणा एका गाडीचे नाहीत, त्या काळच्या घटांवरून केलेला हा ढोबळ अंदाज आहे.

समजा रिक्षा दिवसाला १२० किलोमीटर धावते. विजेच्या तीनचाकीला एका किलोमीटरला ७० वॉट-तास लागतात असे धरा. म्हणजे दिवसाला ८,४०० वॉट-तास झाले. शिसे-आम्ल बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर खराब होते, म्हणून तिच्यातली सुमारे ७० टक्केच वीज वापरायची. तेव्हा बॅटरी १२,००० वॉट-तासांची हवी. याला ३५ ने भागा. उत्तर येते, सुमारे ३४३ किलो.

साध्या रिकाम्या रिक्षाचे वजनही जवळपास इतकेच असते. म्हणजे एका रिक्षाने दुसरी रिक्षा डोक्यावर घेऊन दिवसभर फिरण्यासारखे झाले. शिवाय वजन वाढले की ऊर्जा अधिक लागते, ऊर्जा अधिक लागली की बॅटरी मोठी लागते, आणि बॅटरी मोठी झाली की वजन आणखी वाढते!

पेट्रोलच्या रिक्षाला हेच अंतर तोडायला, लिटरमागे ३० किलोमीटर धरले तर, ४ लिटर पेट्रोल पुरते. त्याचे वजन फक्त ३ किलो. गंमत अशी, की त्या ३ किलो पेट्रोलमधली जवळजवळ चार पंचमांश ऊर्जा इंजिन उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक वीज चाकाच्या कामी लावते. मोटर हुशार आणि इंजिन उधळे, तरी शर्यत इंजिनाने जिंकली. कारण उधळ्याची तिजोरी भरलेली होती.

वेळ आणि पैसा

वजनानंतर वेळ. पेट्रोलची टाकी दोन मिनिटांत भरते. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात. घाई करून जास्त प्रवाह सोडला तर ती तापते आणि आम्लातल्या पाण्याचे विघटन होऊ लागते. उपनगरात एकच रिक्षा अनेकदा दोन पाळ्यांत चालते, दिवसा एक चालक आणि रात्री दुसरा. गाडी आठ तास तारेला बांधून ठेवायची म्हणजे एका चालकाची रोजी बुडाली. शिवाय रिक्षा रात्री उभी राहते ती रस्त्याच्या कडेला. तेथे विजेचा प्लग कोण देणार?

मग बॅटरीचे आयुष्य. रोज बरीचशी रिकामी होणारी अशी बॅटरी काहीशे वेळा भरता येते. पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक साचत जातात आणि तिची साठवणशक्ती घटते. मुंबईतल्या उष्ण हवेत तर हे अधिक लवकर होते. तेव्हा दीड-दोन वर्षांत नव्या बॅटऱ्यांचा खर्च. विजेचे बिल कमी येते हे खरे, पण बॅटरीचा खर्च किलोमीटरवर वाटला की बचतीचा मोठा भाग त्यातच जातो.

स्वच्छ हवेसाठी त्याच सुमारास दुसरा एक उपाय पुढे येत होता. १९९५ साली मुंबईत महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, आणि पुढील काळात उपनगरातल्या रिक्षा मोठ्या संख्येने दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, धावू लागल्या. धूर कमी, इंजिन ओळखीचे, टाकी काही मिनिटांत भरते. रिक्षाचालकाच्या दृष्टीने निवड अवघड नव्हती.

विजेची गाडी पूर्णपणे निर्मळ होती असेही समजू नका. त्या वेळी पश्चिम उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीचे डहाणूचे वीजकेंद्र कोळशावर चालत होते. गल्लीतला धूर थांबला तरी डहाणूच्या धुराड्यातून काही निघतच होते.

जुनीच गोष्ट

हा अनुभव ‘बिजली’ला एकटीलाच आला असे नाही. १८९९ साली कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्या मोटारीतून. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला हाताने दांडा फिरवावा लागे आणि तो उलट फिरला तर मनगट मोडे. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि तो त्रास संपला. योगायोग पाहा, त्या स्टार्टरला वीज पुरवली ती शिसे-आम्ल बॅटरीनेच! गाडीची मालकी तिला मिळाली नाही, पण पेट्रोलच्या गाडीत चाकरी मात्र कायमची लागली.

पुढे १९९६ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत ‘ईव्ही-१’ ही विजेची मोटार आणली. १९९९ पर्यंत अशा १,११७ मोटारी बनल्या. त्या विकल्या नाहीत, भाड्याने दिल्या, आणि नंतर परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. जेथे पैशाची आणि तंत्राची कमतरता नव्हती, तेथेही विजेची गाडी टिकली नाही.

शिसे २०७, लिथियम ७

मग बदलले काय? याचे उत्तर तुमच्या वर्गातल्या आवर्त सारणीवर आहे. शिशाचा अणुभार २०७. घटात शिशाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. लिथियमचा अणुभार केवळ ७ आणि तो एक इलेक्ट्रॉन देतो. भागाकार करून पाहा. सारख्या वजनाचे लिथियम शिशाच्या सुमारे १५ पट इलेक्ट्रॉन देते. त्यातच लिथियम-आयन घटाचा दाब ३.६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे शिशाच्या घटापेक्षा जास्त. घटात इतरही पदार्थ असतात, त्यामुळे सगळा फायदा पदरात पडत नाही, तरी किलोमागे १३० वॉट-तास आणि त्याहून अधिकही मिळतात.

असा घट सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. म्हणजे ‘बिजली’ निघाली तेव्हा तो अस्तित्वात होता. पण होता तो कॅमेरा आणि टेलिफोन यांच्या पोटात, आणि महाग. गाडीला परवडण्याइतका स्वस्त व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. या घटाचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात आपल्याकडेही प्रयत्न थांबले नाहीत. २००१ साली बंगळूरच्या ‘रेवा’ या छोट्या मोटारीने पुन्हा शिशाच्याच घटांवर सुरुवात केली. २०१० साली महिंद्राने त्या कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. आणि २०१८ साली त्याच महिंद्राची ‘ट्रिओ’ ही विजेची तीनचाकी आली, लिथियम-आयन घटावर चालणारी. आपले १२० किलोमीटरचे गणित आता पुन्हा करा. गाडी हलकी झाल्यामुळे किलोमीटरला ६० वॉट-तास पुरतील आणि ९० टक्के वीज वापरता येईल असे धरले, तर ३४३ किलोच्या जागी साठ-सत्तर किलोची बॅटरी पुरते.

तेव्हा ‘बिजली’ काळाच्या किती पुढे होती, हे आता सांगता येईल. वर्षांच्या मापाने १९, आणि वजनाच्या मापाने सुमारे पावणेतीनशे किलो. तिची कल्पना चुकली नव्हती, मोटरही चुकली नव्हती. एकच भाग मागे राहिला होता, आणि यंत्राचा जो भाग सर्वांत मागे असतो, त्याच्या चालीनेच सगळ्या यंत्राला चालावे लागते.

करून पाहा

तुमच्या जवळच्या रिक्षास्टँडवर जा. तीन-चार रिक्षावाल्या काकांना विचारा: दिवसाला किती किलोमीटर गाडी चालते? किती पाळ्यांत? इंधन भरायला किती वेळ जातो? रात्री गाडी कोठे उभी असते? मिळालेले आकडे वरच्या गणितात घाला आणि प्रत्येकाच्या रिक्षाला शिशाची किती आणि लिथियमची किती किलो बॅटरी लागेल ते काढा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र गणितात बसणार नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीला रात्री वीज कशी द्यायची, यावर वर्गात चर्चा करा. हलका घट मिळाला, तरी हा प्रश्न अजून शिल्लक आहे.