ग्लासावरचं बोट

धानाच्या रोवणीचे दिवस होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, एका गावात मी आशाताईंबरोबर घरोघर फिरत होते. सातव्या महिन्यातली एक बाई नुकतीच बांधीतून परतली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ताईंनी पायांची सूज दाबून पाहिली आणि त्याच आवाजात विचारलं, "अंग दुखत असेल ना? रात्री किती घेतेस?"

‘पितेस का?’ असं त्या विचारत नाहीत. तसं विचारलं की ‘नाही’ म्हणून बोलणं तिथंच संपतं. बाईनं स्टीलचा ग्लास आणला, मध्यावर बोट ठेवलं. "दोनदा," म्हणाली.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पण मोहफुलं अंगणात वाळतात, दारूसाठी सडवा घरामागे लागतो, देवापुढे आणि पाहुण्यापुढे तीच ठेवतात. अशा घरात एकट्या गरोदर बाईवर डाफरणं मला अन्यायाचं वाटतं.

"सकाळी घेतली नाही तर हात थरथरतात का?" हा ताईंचा पुढचा प्रश्न. थरथरत असते तर त्यांनी तिला थेट दवाखान्यात नेलं असतं. रोज भरपूर पिणारीनं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. तिची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. हिचे हात स्थिर होते.

मग ताईंनी थोडंच सांगितलं. तू घेतलेली दारू वारेतून बाळापर्यंत जाते, त्याला ती पचवता येत नाही. मेंदूला इजा झाली तर ती जन्मभर राहते. थोडी चालेल, असं कुठलंच माप नाही. झालं ते झालं, आज थांबवलीस तरी बाळाचा फायदाच.

"मग झोप कशी लागेल?" बाईनं विचारलं.

या प्रश्नापाशी ताई अर्धा तास बसल्या. दुपारी अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं गरम जेवण, रोवणीवरून येताच पेज, मग गरम पाण्यानं अंघोळ. दाराशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, बाळ होईस्तोवर तुम्ही पण घरात आणू नका." त्यानं खाली बघतच मान हलवली.

आठ दिवसांनी गेलो, तर तिनं आपणहून ग्लास पुढे केला. बोट तळाशी होतं. ताईंनी पाठीवरून हात फिरवला. "आता पुढल्या खेपेला ग्लास कोरडा."

डॉक्टर आणि परिचारिकांना माझी विनंती आहे: वजन आणि रक्तदाब पाहता, तसा दारूचा हा प्रश्न प्रत्येक गरोदर बाईला विचारा. पुण्या-मुंबईतल्या दवाखान्यांतही विचारा, आणि उत्तर ऐकून कपाळाला आठी घालू नका.