पावसातली फेरी आणि कोरडी पिशवी

कुरखेडा तालुक्यात पावसाळा हा धानाच्या रोवणीचा हंगाम, तसाच तो मलेरियाचाही. सती नदी आणि परिसरातील नाले भरून वाहू लागले, की जंगलातील गावांत तापाचे रुग्ण शोधत सायकलने वा पायी फिरणाऱ्या आरोग्यसेवकाच्या पिशवीला मोल येते. रजिस्टर, गोळ्या, रक्तनमुन्याच्या काचपट्ट्या आणि तत्काळ निदानाचे किट तिच्यात असतात. अंगावरचा शर्ट भिजला तर वाळतो. ओलावा लागलेले किट मात्र चुकीचे निदान दाखवू शकते.

पिशवीवर रेनकव्हर चढवले की काम झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाठीवरून ओघळणारे पाणी तिथूनच आत मुरते. कॅरिअरवर बांधलेल्या पिशवीला चाकाने उडवलेला चिखल खालून भिजवतो. शिवणीतील सुईच्या छिद्रांतूनही पाणी झिरपते. म्हणून खरे संरक्षण आतून करावे लागते.

त्यासाठी जाड प्लास्टिकची अखंड थैली अस्तरासारखी आत घालावी. सामान भरल्यावर हवा काढून तोंड पिळावे, दुमडावे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावे. बाजारातील ‘ड्राय बॅग’चे तत्त्व हेच, तिचे तोंड किमान तीन वेळा गुंडाळावे लागते. पंक्चर काढणारा ट्यूब तपासतो, तशी थैलीही हवा भरून पाण्यात दाबून पाहावी. बुडबुडे आले, तर ती बदलावी. रेनकोट थैलीबाहेर, सर्वांत वर ठेवावा. म्हणजे भर पावसात थैली उघडावी लागत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे हवेतील बाष्प. किटच्या फॉइल पाकिटात ओलावा शोषणारी पुडी असते. त्यामुळे पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे. ते फाटलेले असेल किंवा रंग बदलणाऱ्या पुडीने ओलावा दाखवला असेल, तर ते किट वापरू नये. मुक्कामी पोहोचताच पिशवी रिकामी करून उलटी टांगावी. ओली थैली बांधून ठेवली, की बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पिशवी कितीही जलरोधक असली, तरी पुलावरून पाणी वाहत असताना नाला ओलांडण्याचा तो परवाना नव्हे. पाणी ओसरेपर्यंत थांबणे हेच शहाणपणाचे.