टेबलावरचा माथेरान घाट

विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती ठेवली की गर्दी जमते. पण बहुधा ती सपाट फळीवर गोल गोल फिरत राहते आणि दोन मिनिटांत बघणारे पुढच्या टेबलाकडे वळतात. त्याऐवजी नेरळ-माथेरान मार्गाचा एखादा तुकडा उभारला, तर तीच गाडी चढ, वळण आणि घर्षण यांविषयी बरेच काही शिकवते. मात्र ती दिवसभर न अडखळता चढली पाहिजे, आणि खरे अवघड काम तेच आहे.

हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्याच्या रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. अरुंद रुळांवर फार तीव्र वळणे घेता येतात. ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण सहसा देत नाहीत, तर दार्जिलिंगच्या दोन फुटी मार्गावर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे १८ मीटर आहे. आता १:८७ हे प्रमाण घेऊ. ब्रॉडगेजच्या वळणाची त्रिज्या दोन मीटर होईल. नुसत्या अर्धवर्तुळासाठी चार मीटर रुंद टेबल लागेल. दार्जिलिंगचे वळण मात्र २१ सेंटिमीटर त्रिज्येत बसते. शाळेने डोंगरी गाडीच निवडावी, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

सगळा मार्ग अर्थातच मावणार नाही. सुमारे २० किलोमीटरचा हा मार्ग या प्रमाणात २३० मीटर लांब होईल आणि माथेरान तिमजली इमारतीएवढ्या उंचीवर जाईल! तेव्हा घोड्याच्या नालेसारखे एक वळण आणि एक बोगदा पुरे. हिशेबाने रुळांत सात मिलिमीटर अंतर हवे. बाजारात नऊ मिलिमीटरचे ‘एन गेज’ रूळ मिळतात. हा फरक खुशाल चालवून घ्यावा. त्या मापाच्या तयार इंजिनाची मोटर आणि चाके वापरता येतात, वरचा साज पुठ्ठ्याचा करता येतो.

आता मुख्य मुद्दा. प्रतिकृतीत लांबी, रुंदी, उंची ८७ पटींनी कमी होतात; चढ मात्र कमी होत नाही, कारण ते गुणोत्तर आहे. माथेरानचा चढ २० ला १ आहे, म्हणजे २० मीटर अंतरात एक मीटर उंची. तो टेबलावरही २० ला १ च राहतो. समजा, इंजिन ६० ग्रॅमचे आहे आणि चाक व रूळ यांतील घर्षण गुणांक ०.२ आहे. चाके न घसरता जास्तीत जास्त १२ ग्रॅमभार ओढ मिळेल. त्यातले ३ इंजिनाच्या स्वतःच्या चढण्यात जातात, उरले ९. तीस ग्रॅमच्या डब्याला चढासाठी दीड आणि आसांच्या घर्षणासाठी समजा एक, असे अडीच ग्रॅमभार लागतात. म्हणजे तीन डबे, चौथा नाही.

आणि हे सरळ रुळावर. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. अर्धवर्तुळात हा फरक π × ९, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर भरतो. गंमत अशी, की त्रिज्या कितीही असो, फरक तेवढाच! दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली. चाकाचा पृष्ठभाग किंचित शंकूसारखा असल्याने थोडी भरपाई होते, बाकीचे अंतर चाके घसरतच कापतात. त्रिज्या लहान असेल तर हे सारे घसरणे थोड्या लांबीत उरकावे लागते. शिवाय एका चौकटीतले आस समांतर असल्यामुळे टोकाची चाके रुळाला तिरकी घासतात. माथेरानच्या मूळच्या वाफेच्या इंजिनांत (जर्मनीतील ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची ही इंजिने) त्यावर सुंदर तोड होती: टोकाच्या आसांवर पोकळ नळी, चाके त्या नळीला जोडलेली, आणि नळीला थोडे तिरके होण्याची मुभा.

म्हणून डोंगर, झाडे, माकडे सगळे नंतर. आधी उघड्या फळीवर चाचणी घ्यावी. सपाट रुळावर इंजिनाला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून सोडावा, टोकाला कागदी पेला अडकवून त्यात चाके घसरेपर्यंत नाणी टाकावीत. पेल्यासह नाण्यांचे वजन म्हणजे इंजिनाची ओढ. मग चढावर, आणि शेवटी चढावरच्या वळणावर, डब्यात किती भार चालतो ते पाहावे. वळणावरचा आकडा उतरलेला दिसेल. खऱ्या रेल्वेतही या कारणाने वळणावर चढ सौम्य ठेवतात. आपणही तेथे तो ३० ला १ करावा.

मोटर तापत नाही ना हे पाहत इंजिनात चालक चाकांच्या वर शिशाचा तुकडा बसवता येतो. चाकांना रबरी कडी घातल्याने पकड वाढते खरी, पण त्या चाकांतून वीज घेता येत नाही आणि गाडी झटके देऊ लागते. दोन चाकांपुरतीच ती घालावीत. सपाटीवरून चढाला एकदम सुरुवात झाली तर सांध्यावर चाके उचलली जातात, डबे सुटतात. तेथे फळीला हलका बाक द्यावा.

राहिला वेग. माथेरानची गाडी ताशी २० किलोमीटरच्या आत धावते. तो वेग ८७ ने भागला तर सेकंदाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर येतात, म्हणजे एक मीटरला पंधरा-सोळा सेकंद. इतक्या कमी दाबावर मोटर अडते, म्हणून पूर्ण दाबाचे छोटे छोटे स्पंद देणारा नियंत्रक वापरावा. मंद गाडीला रुळावरची धूळही लवकर अडवते. दर तासाला रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे द्यावे, आणि तेही वीज बंद करूनच.