‘हंगेरियन ऱ्हाप्सडी’तले सूर नेमके कोणाचे?

‘टॉम अँड जेरी’ पाहत वाढलेल्या पिढीला फ्रान्झ लिस्टचे नाव ठाऊक नसले, तरी त्याची एक रचना कानाला परिचयाची असते. कोट घालून पियानोपुढे बसलेला टॉम आणि पियानोच्या आत झोपमोड झालेला जेरी यांच्यात ज्या संगीतावर जुंपते, ती ‘हंगेरियन ऱ्हाप्सडी क्रमांक २’. ‘द कॅट कन्सर्टो’ या त्या कार्टूनपटाला ऑस्करही मिळाले. मूळ रचना मात्र १८४७ मधली; १८५१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लिस्टच्या एकूण १९ हंगेरियन ऱ्हाप्सडींपैकी दुसरीइतकी लोकप्रियता अन्य कोणत्याही रचनेला लाभली नाही.

रचनेचे दोन भाग आहेत. ‘लाशान’ हा विलंबित भाग गंभीर, काहीसा नाटकी. त्यानंतरचा ‘फ्रिश्का’ हलक्या, पुन:पुन्हा वाजणाऱ्या स्वरांनी सुरू होतो आणि लय वाढवीत अखेरीस वादकाची अक्षरश: दमछाक करतो. विलंबितातून द्रुतात जाण्याची ही रीत हंगेरीत सैन्यभरतीच्या वेळी होणाऱ्या ‘वेरबुंकोश’ नृत्याच्या परंपरेतून आली. ठोकल्यासारखे वाजणारे स्वर ‘सिम्बालोम’ची आठवण देतात. संतूरप्रमाणे तारांवर काड्यांनी आघात करून वाजवायचे हे वाद्य रोमा (जिप्सी) वादकांच्या ताफ्यात हमखास असे. शेवटाजवळ लिस्टने वादकाला स्वत:ची भर घालण्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. रॅखमॅनिनॉव्हने तेथे केलेली करामत १९१९ च्या ध्वनिमुद्रणात ऐकता येते. या रचनेला निव्वळ बोटांची कसरत म्हणून नाके मुरडणारे ही मोकळीक सहसा विसरतात.

खरा वाद आहे तो सुरांच्या मालकीचा. लिस्टचा जन्म १८११ मध्ये तेव्हाच्या हंगेरीत झाला, पण तो वाढला जर्मन भाषेत. हंगेरियन त्याला कधीच नीट आली नाही. १८३९-४० मध्ये मायदेशी परतल्यावर रोमा वादकांच्या संगीताने तो भारावला. हंगेरीचे म्हणून ओळखले जाणारे हे संगीत मुळात रोमांचेच, असे त्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात ठासून मांडले. हंगेरीत त्यावर मोठा गदारोळ उठला.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरले, तेव्हा चित्र पालटले. शेतकऱ्यांची जुनी गाणी पाच स्वरांच्या चौकटीतली, साधी आणि वेगळ्याच वळणाची निघाली. रोमा वादक शहरांत जे वाजवीत, त्यातील बराचसा भाग सुशिक्षित, हौशी हंगेरियनांनी रचलेल्या गाण्यांचा होता, असे बार्टोकने दाखवून दिले. रोमांची स्वत:ची घरगुती गाणी त्याहून निराळी.

म्हणजे लिस्टने ज्याला रोमांचे संगीत मानले, ते पुरते त्यांचे नव्हते आणि खेड्यांतले लोकसंगीतही नव्हते. तरीही स्वर लांबवणे, त्याला नटवणे, मध्येच लय सैल सोडून एकदम उसळी घेणे हा वादनाचा बाज रोमांचाच आणि या रचनेचा प्राणही तोच. ती अर्पण मात्र झाली आहे काउंट लास्लो टेलेकी या हंगेरियन सरदाराला.