युरोपला निघण्याआधी पेडण्याचे तिकीट

मुले लहान असतात तोवर सहलीचा प्रश्न सोपा असतो. आपण ठरवायचे आणि त्यांनी मागून यायचे. खरी पंचाईत होते ती मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर. "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो," हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळाच! आमच्याकडेही तेच झाले. डिचोलीला दिलेली माझी ताई आणि आम्ही अशा दोन घरांनी मिळून रेल्वेने युरोप पाहायचे ठरवले. दोन जोडपी, आमची दोन मुले आणि ताईची लेक अशी सात माणसे. त्यासाठी किती वर्षे पैसे बाजूला टाकत होतो! आणि ऐनवेळी आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, "मी नाही येत." पुढच्या वर्षी बारावी झाली की तो बाहेरगावी शिकायला जाणार. मग सगळ्यांना एकत्र सुट्टी कधी मिळायची?

तेव्हा ताईने तोडगा काढला. म्हणाली, "बेत आपण करायचाच नाही. पोरांनाच करू दे. पण आधी त्यांची परीक्षा घेऊ." ती परीक्षा म्हणजे बेळगावहून पेडण्यापर्यंतचा रेल्वेप्रवास.

बेळगावहून डिचोलीला जाणारा माणूस जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असा रस्त्याने जातो. रेल्वेने जायचे म्हणजे मोठाच वळसा! लोंढा, कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळे, मडगावला गाडी बदलायची आणि कोकण रेल्वेने करमळी, थिवी करत पेडणे. डिचोली तालुक्यात तर रेल्वे स्टेशनच नाही, त्याला थिवी जवळ. पण गाडी बदलणे, वेळ जुळवणे, आपले सामान आपण उचलणे हे सगळे या वळशात येते, आणि युरोपच्या रेल्वेप्रवासातही तेच तर करायचे असते.

अटी तीनच होत्या. तिकिटे मुलांनी काढायची, खर्चाचा हिशेब मुलांनी ठेवायचा आणि प्रत्येकाने आपली पिशवी स्वतः वाहायची. पहिला धडा घरबसल्याच मिळाला. 'पेडणे' शोधले तर सापडेना, कारण रेल्वेच्या नकाशात ते 'पेरनेम'. दुसरा धडा, सगळ्याच वेगवान गाड्या पेडण्याला थांबत नाहीत. तिसरा धडा, स्टेशन आले म्हणजे गाव आले असे नव्हे. पुढच्या वाहनाची सोय आधी बघावी लागते. आणि चौथा मडगावच्या जिन्यावर मिळाला. धाकटीने परतीच्या वेळी पिशवीतले निम्मे कपडे मावशीकडेच ठेवले!

पेडण्याहून म्हापसामार्गे बसने डिचोलीला पोचलो, तेव्हा ताईच्या सासऱ्यांनी मुलांना जवळ बसवून घेतले. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. लहानपणी वडिलांबरोबर ते याच घाटातून बेळगावला आले होते. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे. कुळ्याला पोर्तुगिजांची तपासणी, कॅसलरॉकला भारताची. ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. १९५५ मध्ये ही वाहतूकच बंद पडली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती हद्द पुसली गेली. मुले ऐकत राहिली. ज्या घाटात आपण दूधसागरचे फोटो काढले तिथे एकेकाळी दोन देशांची वेस होती, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

युरोपात आज उलटे चित्र आहे. १९८५ मध्ये शेंगेन गावी करार झाला. आज त्यात २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर त्यांत फिरता येते. अर्ज कुठे करायचा, तर जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिले पाऊल टाकणार तिथे. म्हणजे आधी बेत पक्का, मग व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो जायला हवा. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. २०२४ पासून फी ९० युरो आहे आणि बारा वर्षांवरील मुलांना ती पूर्ण पडते. बोटांचे ठसे द्यायला त्यांना जातीने हजर राहावे लागते. दहावी-बारावीच्या परीक्षेत ती तारीख येऊ नये एवढे बघा.

रेल्वेच्या पासात मात्र मुलांचा फायदा आहे. आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्यांसाठी युरेल पास असतो, तो ३३ देशांत चालतो. चार ते अकरा वर्षांची मुले मोठ्यांबरोबर फुकट, आणि बारा ते सत्तावीस वयाला सवलत. एका महिन्यात कोणतेही सात दिवस प्रवास, असा पास आमच्या मुलांनी निवडला. पण पास असला तरी फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे. जर्मनी, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत त्याची गरज नाही. सात माणसांच्या हिशेबात हा फरक लहान नव्हे!

ताईच्या लेकीला लिस्बन बघायचे होते. गोव्याच्या पोरीला वाटणारच. पण तिनेच शोधून काढले की माद्रिद ते लिस्बन थेट गाडीच नाही. रात्रीची होती ती २०२० मध्ये थांबली. तिनेच ते नाव खोडले. आपण नाही म्हटले असते तर दोन दिवस अबोला ठरलेला! शेवटी यादी उरली ती ॲमस्टरडॅम, कोलोन, लुसर्न आणि मिलान. कुठेही दोन रात्रींपेक्षा कमी नाही आणि लुसर्नला चार. म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे. लुसर्नहून मिलानच्या वाटेवर ५७ किलोमीटरचा गोथार्ड बोगदा लागतो. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, हा हिशेब थोरल्याने स्वतःहून सांगितला. तो येणार, हे आम्हाला त्यावरूनच कळले.

भाषेचे म्हणाल तर आपल्या सीमाभागातल्या मुलांना चिंता नको. ब्रुसेल्सचे मोठे स्टेशन फ्रेंचमध्ये 'मिदी', डचमध्ये 'झौड'. मिलानला जर्मनमध्ये 'मायलांड' म्हणतात. स्वित्झर्लंडला तर चार राष्ट्रीय भाषा. घरी मराठी, धारवाडच्या अज्जीशी कन्नड आणि मावसबहिणीशी कोंकणी बोलणाऱ्या, डिचोलीलाच बिचोलिम म्हणतात हे जाणणाऱ्या पोरांना यात नवल ते काय?

अज्जीचा प्रश्न मात्र एकच होता, "अल्लि ऊटक्क एन् माड्तीरि?" त्याचेही उत्तर मुलांनी शोधले. बाहेरून युरोपीय संघाच्या देशांत जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप घरीच. शेंगाचटणी मात्र येईल.

तुमच्याही घरी असा बेत शिजत असेल, तर आधी मुलांच्या हाती एक वही द्या आणि जवळच्याच एखाद्या स्टेशनाचे नाव सांगा. गाडी एकदा बदलावी लागेल असे बघा. खर्च थोडा, सुट्टी दोन दिवसांची. आणि मुले नकाशावर वाकून भांडू लागली, की मध्ये पडू नका. आपण चहा ठेवावा.