न दिसणाऱ्या गोष्टींची राखण

पहाटे ५
स्टेशनकडची गिऱ्हाइकं सहाला येऊ लागतात, म्हणून मूर्तिजापूरच्या आमच्या नाश्त्याच्या दुकानाचं शटर पाचलाच वर जातं. बटाटे उकडायला टाकले की पाण्याची टाकी बघायची, हे माझं पहिलं काम. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे निदान एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, असं देशाची अन्न सुरक्षा संस्था एफएसएसएआय सांगते. आम्ही आठ जण आहोत आणि ते प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. 'फोस्टॅक' या तिच्या प्रशिक्षणाचा मूलभूत वर्ग काही तासांत आटोपतो. देखरेख शटर पडेपर्यंत चालते.

५.४५
हजेरी. नखं, टोपी, अ‍ॅप्रन. एका पोराच्या अंगठ्याला विळी लागलेली, जखम पिकलेली. त्याला बटाटे सोलायला बसवलं नाही, बाजारातून सामान आणायला पाठवलं. "काहून भाऊ, तेलात तर सारंच मरते ना?" जंतू मरतात, पण पिकलेल्या जखमेतल्या स्टॅफिलोकोकसनं सारणात सोडलेलं विष उष्णतेला सहजी दाद देत नाही. पोट बिघडलेला माणूस तर आज भट्टीजवळ नकोच.

७.३०
गर्दी. तर्री-पोहे, आलूबोंडा, कचोरी. गल्ल्यावरचा हात ताटाला लागायचा नाही, म्हणून पैसे घेणारा एक आणि वाढणारा दुसरा. तर्रीच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवला तर ५४ अंश. गरम पदार्थ ६० च्या वर हवा, गार पदार्थ ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतूंचं फावतं. आच वाढवली, उकळी आणली, वेळ लिहिली.

१०.३०
कढई. वारंवार तापवल्यानं तेलात वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आमच्याकडे मीटर नाही. फेस टिकतो का, तेल चिकट झालंय का, नेहमीच्या आचेवर धूर येतो का, एवढं पाहतो. जुन्या तेलात नवं ओतायचा मोह प्रत्येक घाण्याला होतो, कारण डब्याची किंमत डोळ्यांपुढे असते. गाळलेलं काळं तेल वेगळ्या पिंपात टाकलं.

१
पार्सल. रद्दी हाताशी असते आणि फुकट पडते, पण छपाईची शाई गरम कचोरीच्या तेलात उतरते. आम्ही बटर पेपर वापरतो. मालक म्हणतात, "खर्च वाढला." मी म्हणतो, "अस्वच्छ जागी अन्न बनवल्याबद्दल कायद्यात लाखापर्यंत दंड आहे, तो धरून हिशेब करा."

३
उन्हाळ्यात अकोला जिल्ह्याचा पारा ४५ ओलांडतो. अशा दिवशी हिरवी चटणी थोडी थोडीच वाटायची आणि उरलेली फ्रिजात ठेवायची. मग नवीन पोराची शिकवणी: साबण लावून २० सेकंद हात चोळायचे, अंगठा आणि नखांखालची जागा विसरायची नाही.

४.३०
पेढ्यांच्या ट्रेवर 'या तारखेपूर्वी खावे' ही चिठ्ठी. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईलाही ती लागते. कालची चिठ्ठी काढली, तिच्याबरोबर कालचे चार पेढेही काढले.

८.३०
धुलाई. गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं. इथल्या माणसाला झाडू समजावून सांगावा लागत नाही, ओटा चकचकीत होतोच. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. चकचकीत ओट्यावर सकाळचं सारण पाच तास पडून राहिलं तर कुणाला कळणार? म्हणून वेळ, तापमान आणि फेकलेला माल नोंदवहीत लिहितो. अन्न सुरक्षा अधिकारी येतील तेव्हा वही दाखवूच, पण तिचा रोजचा उपयोग आम्हालाच आहे.

९
आज मालकांशी एकच बोलणं: पुढच्या वर्गाला भट्टीवरच्या दादांना पाठवा. नियमाला मी एकटा पुरतो, पण मी सुट्टीवर गेलो की तर्रीत थर्मामीटर बुडवायला कुणी उरत नाही. मालक "पाहू" म्हणाले. दादांचं आधार कार्ड मी मागून ठेवलंय.