वाकळ लपवू नका!

भीमजयंतीचा मांडव उतरला की आमच्या सातारा-सांगलीकडे घरोघरी एक काम निघते. वर्षभराच्या वाकळा बाहेर काढायच्या, ओढ्यावर नाहीतर विहिरीवर नेऊन धोपटायच्या, खडकावर वाळत घालायच्या आणि ज्या विरल्या असतील त्यांच्यावर दुसरे लुगडे चढवायचे. पावसाळ्यात वाकळ वाळत नाही, थंडीत ती अंगावरच असते. म्हणून हे काम चैत्र-वैशाखातले. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तीच ही; पण कृष्णाकाठच्या माणसाला वाकळ म्हटल्याशिवाय ऊब येत नाही.

अलीकडे मात्र आम्ही एक गोष्ट पाहतो. मुंबईहून पाहुणे यायचे असले की वाकळा घडी घालून माळ्यावर जातात आणि दुकानातले फुलाफुलांचे ब्लँकेट खाली येते. शिकलेली सून म्हणते, "आत्याबाई, त्या चिंध्या आधी आत ठेवा." सासू काही बोलत नाही, मुकाट्याने उचलते. तिने ती वाकळ शिवायला दोन महिने घातलेले असतात. पण तिलाही आतून वाटते की पोरगी खोटे बोलत नाही. सोलापुरी चादर काय, ब्लँकेट काय, जरूर घ्यावे. ऐपत असेल तर का घेऊ नये? आमचे म्हणणे फक्त त्या 'चिंध्या' या शब्दाबद्दल आहे.

भगिनींनो, ही लाज आपल्या घरात उपजलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय ल्यावे हे सांगितले आहे: मेलेल्यांची वस्त्रे. म्हणजे जुनेर अंगावर येणे हा गरिबीचा योगायोग नव्हता, तो कायदा होता. गावगाड्यात प्रेतावरचे कापड आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला यायचे, ते त्याच कायद्याचे शेपूट. दुसऱ्याने टाकलेले कापड उचलताना मान खाली घालायची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे. ती एका ब्लँकेटने जाणार नाही.

आणि बाबासाहेबांचे बालपण तर आमच्या साताऱ्यातलेच. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा असे, त्याला शाळा झाडणारा नोकर हात लावत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, हे त्यांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. परीट त्यांचे कपडे धूत नव्हते, पैसे देऊनही नाही, म्हणून घरातले सगळे धुणे बहिणी धूत. न्हावी शिवत नव्हता, म्हणून मुलांचे केस थोरली बहीण कापी. एवढा मोठा पुरुष ज्या घरातून निघाला, त्या घरात परीट आणि न्हावी दोन्ही बहिणीच होत्या, हे आपण जयंतीच्या भाषणात कितीदा सांगतो?

१९०१ ची गोष्ट. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्यात त्यांनी मुलांना बोलावून घेतले. प्रवासासाठी नवे सदरे, जरतारी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी जय्यत तयारी झाली. भावा-भाच्यांसह भीमराव मसूर स्टेशनावर उतरले. ही नीटनेटकी मुले ब्राह्मणाची असावीत असेच स्टेशनमास्तरला वाटले. विचारपूस झाली, जात कळली, आणि तो माणूस पाच पावले मागे सरकला. पुढे गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. ते मसूर आजही पुणे-मिरज लोहमार्गावर आहे. आमच्यापैकी कित्येकजण तिथून जातात येतात, खिडकीतून बाहेर बघतातही.

तेव्हा नव्या कपड्याने जात झाकली जाते हा भ्रम नवव्या-दहाव्या वर्षीच बाबासाहेबांचा फिटला असणार. तरीही १९२७ च्या डिसेंबरात महाडला, जिथे २५ तारखेला मनुस्मृती जाळली, तिथेच ते स्त्रियांशी बोलले ते कपड्यांविषयी. लुगडे नीट अंगभर नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, आणि कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ हवेत, असा त्या सांगण्याचा भावार्थ. ठिगळाला त्यांनी नावे ठेवली नाहीत. घाणीला ठेवली आणि लादलेल्या खुणेला ठेवली. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आता धम्माकडे वळू. तथागतांच्या संघातले भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचे चीवर शिवत. म्हणजे मनूने ज्यांच्यावर मृतांचे कापड लादले ते एका बाजूला, आणि तेच कापड आपखुशीने धुऊन, रंगवून, शिवून अंगावर घेणारे दुसऱ्या बाजूला! विनयपिटकात तर या शिवणकामाचा बारीकसारीक तपशील आहे. मगधातील भातखाचरे बांधांनी आखलेली पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसे करून दाखवले. आजही भन्तेजींच्या चीवराकडे नीट पाहा, खाचरे आणि बांध दिसतील. सुया ठेवायची नळी, बोटात घालायचे अंगुस्तान यांचीही अनुज्ञा विनयात आहे. धम्म सुईपर्यंत आला होता.

आणखी एक कथा आमच्या विशेष आवडीची. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला की हा भिक्खू एवढ्या कापडाचे करणार काय, दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग ती जुनी चीवरे? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुनी आच्छादने? गादीच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरचे अंथरूण. ते फाटले की? पायपुसणी. पायपुसणी झिजली की? झाडायची फडकी. आणि फडकी संपली की त्यांचे तुकडे मातीत कालवून भुई सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा वाचताना आम्हाला आमच्याच घरातली म्हातारी आठवली. लुगडे मधोमध विरले की ती ते फाडून कडेचे भाग जोडी, त्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे फाटले की वाकळीत, वाकळ झडली की बैलाच्या पाठीवर नाहीतर उंबऱ्यात, आणि शेवटी पोतेरे होऊन सारवणाच्या बादलीत. तिने विनयपिटक ऐकलेले नव्हते.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष कामाकडे येऊ. "वेळ कुठाय?" हा पहिला प्रश्न. खरेच आहे. कुणी एमआयडीसीत पाळीला, कुणी भांगलणीला, कुणी माण-आटपाडी-जतकडून ऊसतोडीला जाते. म्हणून आम्ही तुकड्यांची वाकळ सुचवतो, कारण ती मांडीवर होते. दहा इंचाचे चौकोन कापा. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की नऊ इंच, म्हणजे साधारण एक वीत उरते. आडवे सहा, उभे आठ, असे अठ्ठेचाळीस चौकोन जोडले की साडेचार फूट बाय सहा फुटांची वाकळ. भाकरीचा तवा उतरल्यावर रोज चार चौकोन जोडले तर बारा दिवसांत वरची बाजू तयार. तुकडे आणि सुईदोरा एका पिशवीत ठेवा, म्हणजे एस.टी.ची वाट पाहतानाही हात चालतो.

मध्ये भरायला दोन-तीन जुन्या सुती साड्या. नायलॉन आत घालू नका. ते घाम टिपत नाही आणि सरकत राहते. खालच्या बाजूला सर्वात मऊ लुगडे. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंच आणि आपली वाकळ चोपन्न, तेव्हा खालच्या थराला जोड द्यावाच लागतो; तो मधोमध न येता एका कडेला येऊ द्या, पाठीला टोचत नाही. मग एकच सुट्टीचा दिवस हवा. सगळे थर अंगणात पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, सुरकुती काढायची आणि हातभर अंतराने कच्चे टाके घालायचे. इथे शेजारणींना बोलवा; हे एकटीचे काम नव्हे. कच्चे टाके पडले की वाकळ गुंडाळून कधीही पुढ्यात घेता येते. काठाकडून आत असा धावदोरा घालत जायचा, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर. दोऱ्याला मेण लावले तर गुंता होत नाही. पँटीचे जाड कापड यात नको, सुई मोडते. त्याच्या पोरांना दप्तराच्या पिशव्या कराव्यात.

दुसरे काम बुद्धपौर्णिमेसाठी. बाजारात मिळणारे पंचरंगी ध्वज पुष्कळदा चुकीचे असतात, रंगांचा क्रमच उलटा. घरी शिवला तर चूक होत नाही. हा ध्वज १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत प्रथम फडकला आणि १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या, आणि सहाव्या पट्टीत तेच पाच रंग त्याच क्रमाने वरून खाली. तीस इंच लांब, वीस इंच उंच ध्वजाचे माप घ्या. उभ्या पट्ट्या सहा इंच रुंद, एकवीस इंच उंच कापा. निळी मात्र आठ इंच रुंद, कारण तिची जादा दोन इंच दुमडून काठीसाठी खोळ होते. सहाव्या पट्टीसाठी सहा इंच रुंद, पाच इंच उंच असे पाच तुकडे. सगळीकडे अर्धा इंच शिवण धरली की हिशेब बरोबर जुळतो. कापण्याआधी लाल कापड मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा धुवा. आम्ही एकदा आळस केला, आणि पहिल्याच वळवाच्या सरीत पांढरी पट्टी गुलाबी झाली. सबंध वस्तीने पाहिले!

आता पैशाचे. पिको-फॉल, ब्लाऊज, परकर अशी कामे आपल्या कित्येक भगिनी घरबसल्या करतात आणि "रिकाम्या वेळात करते" असे सांगतात. रिकामा वेळ कुणी दिला त्यांना? रात्री दहानंतरचा तो वेळ झोपेतून कापलेला असतो. म्हणून एक वही घाला. किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, रीळ कितीचे, बटणे कितीची, आणि हाती काय आले. महिनाभराने ती वही घरातल्या पुरुषासमोर ठेवा. पुष्कळ घरांत मशीन बाईची असते आणि दर मात्र काम आणून देणारा ठरवतो. आकडा समोर असला की बोलता येते. आणि जयभीमवाल्या बांधवांनो, ती मशीनवर बसली असताना पाण्याचा तांब्या तिला मागू नका. माठ आपल्याही हाताला लागतो.

मशीन घ्यायची तर पायाची घ्यावी, वीज गेली तरी अडत नाही. पंचायत समितीत समाजकल्याणच्या आणि महिला-बालकल्याणच्या योजनांची चौकशी करावी, अर्जाची पोच मागून घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही धरले आहे: प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत, घरातल्या एकाच व्यक्तीला. योजनेचे नाव पाहून कुणी नाक मुरडू नये. तिजोरी सरकारी आहे, म्हणजे आपलीही आहे.

शेवटी एक छोटे काम, एका संध्याकाळचे. वाकळीतून उरलेल्या तुकड्यांची बसकरे करा. पंधरा इंचाचा चौकोन, पाच-सहा थर, कडेने दुहेरी धावदोरा. प्रत्येक घराने दोन करून विहारात द्यावीत. फक्त त्यांच्यावर कुणाचे नाव घालू नका, आणि ती रात्री घरीही न्यायची नाहीत. दाराशी थप्पी असू द्या. वंदनेला येणाऱ्या पोराने वरचे उचलावे आणि पुढच्या रांगेत जाऊन बसावे.